अकरा कार्डांचा ट्रेनी

मालकांनी मला केबिनमध्ये उभं केलं आणि चहा पिणाऱ्या पाहुण्यांना माझ्यावरून इंग्रजी शिकवलं.

“एम्प्लॉयर कोण? मी. एम्प्लॉयी कोण? हा. शब्दामागं ‘ई’ लागला की माणूस करणारा राहत नाही, त्याच्यावर करायचं असतं. काय रं, बरोबर?”

“व्हय साहेब.”

पाहुणे हसले. मीही हसलो.

मी कुपवाडच्या त्या कारखान्यात हजेरी कारकून होतो. संध्याकाळी रागानं वाचनालयात जाऊन जाडा कोश उघडला. मालक बोलले ते खरंच होतं. हा ‘ई’ फ्रेंचांकडून इंग्रजीत आला, तोही कोर्टाच्या कागदांतून. देणारा एक, घेणारा दुसरा. पुढं तो कुणालाही चिकटू लागला.

चिकटवणारा मीच होतो. आमच्याकडं कामगाराला कायम करत नसत. अकरा महिने भरले की आठ दिवस घरी, मग नवं कार्ड. नावापुढं पुन्हा ‘ट्रेनी’, तोच ‘ई’ लावून. कार्डं मी लिहायचो. कवठे महांकाळच्या महादेवची अकरा लिहिली. अर्ध्या कारखान्याला प्रेस मशीन त्यानंच शिकवलं होतं.

“आवं आण्णा,” तो हसायचा, “म्हातारा हुईस्तोवर शाळंतच ठेवताय का मला?”

जाळीनं काम मंदावतं म्हणून मालकांनी प्रेसची हात वाचवणारी जाळी काढायला लावली. तिसऱ्या दिवशी महादेवची चार बोटं गेली. मालकांनी अपघाताचा रिपोर्ट सांगितला, मी टाइप केला: ‘ट्रेनीने न विचारता यंत्र चालवले.’ खाली सही माझी. महादेव दवाखान्यातून थेट गावी गेला.

मी निवृत्त झालो. परवा त्याची मुलगी दारात आली. गळ्यात त्याच कारखान्याचं कार्ड. ‘ट्रेनी’.

“चौथं हाय, आण्णा. प्रेसवरच हाय मी. जाळी अजून न्हाई. कायम करा आन् जाळी बसवा म्हणून आमी चौघी कोर्टात गेलोय. मालक म्हणत्यात, आमच्यात कुणाला असं ट्रेनीच ठेवलं न्हाई, कुणाची बोटं बी गेली न्हाईत. बाबा म्हणलं, आण्णांकडं जुनी कार्डं असत्याल.”

मी तिची बोटं मोजली. दहा.

कार्डं होती. नवं देताना जुनं परत घेऊन जाळायचा हुकूम होता, मी जाळली नाहीत. धैर्य नव्हतं ते. उद्या सगळं माझ्यावर शेकेल ही भीती.

काल मालकांचा मुलगा आला. चपला घालूनच आत बसला.

“आण्णा, वय झालं तुमचं. रस्त्यानं जपून चालत जावा.”

“तो रिपोर्ट खोटा हाय,” मी म्हणालो. “टाइप मी केलाय. सांगणार बी मीच.”

आयुष्यात पहिल्यांदा त्या घराण्याला मी ‘व्हय साहेब’ म्हणालो नाही. तो हसला नाही. उठून गेला.

सकाळपासून गल्लीच्या तोंडाशी एक गाडी उभी आहे. काचा वर. आत कोण, दिसत नाही.

उद्या कोर्टात तारीख आहे. अकरा कार्डांवर अक्षर माझं, रिपोर्टवर सही माझी. आधी माझा गुन्हा सांगेन, मग त्यांचा. कार्डं पिशवीत भरलीत. घरातून निघायला दुसरी वाट नाही. मी त्या गाडीसमोरूनच चालत जाणार आहे.