दोन युनियन

“धामधी किती?” म्हणजे दहामध्ये किती, असं म्हणत ती दोन्ही हातांची बोटं समोर पसरायची. बाजारात वांगी घेताना, “धामधी किडकी किती?” शेजारच्या पोरीला जनवाड्याचं स्थळ आलं, तर “त्या घरात धामधी शहाणे किती?” तुमच्याही ओळखीत असं कुणी असेल, सगळं जग एकाच प्रश्नावर तोलणारं.

आम्ही तिला अक्का म्हणायचो. कमठाण्याची. बीदरच्या जिनमध्ये, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, ती यंत्रात कापूस घालायची आणि मी काट्यावर कारकून होतो. यंत्रं फिरवणारा लांबलचक पट्टा बायकांच्या पाठीमागून उघडाच धावायचा. त्याला जाळी बसवा, एवढीच अक्काची मागणी. “लुगडं नीट नेसत जा,” हे मॅनेजरचं उत्तर.

एकदा हैदराबादेहून कामगार चळवळीतले एक वक्ते आले. विलायतेत शेकडा किती कामगार युनियनचे मेंबर आणि आपल्याकडे किती, हे त्यांनी बराच वेळ समजावलं. बाकीचे पेंगले. अक्का उठली.

“शेकडा ऱ्हाऊ द्या, साहेब. धामधी सांगा.”

त्यांनी सांगितलं. विलायतेची बोटं तिने भराभर उघडली. आपली उघडायला गेली, तर एक बोटही पुरतं उभं राहीना. ती भडकलीच. “तिकडं मेंबर हायत म्हणून जाळी, अन् हितं लुगडं नीट नेसा! आमच्या हाताला हाडं न्हाईत व्हय?”

दुसऱ्या दिवसापासून ती मेंबर गोळा करायला लागली. पण आमच्या मुलखाची गंमत अशी, की हैदराबाद संस्थान हिंदुस्थानात, म्हणजे इंडियन युनियनमध्ये, गेलं तेव्हा सगळे “आपण युनियनमधी आलाव” असंच म्हणायचे. त्यामुळे बायका तिलाच विचारायच्या, “अक्का, पोलीस ॲक्शन झाली तवाच आलाव की युनियनमधी. आणिक एक कामून?”

“ती देसाची गं. ही पट्ट्याची.”

हळूहळू काहींना ते पटायलाही लागलं होतं. तेवढ्यात मजूर खात्याचा अधिकारी तपासणीला आला. मॅनेजर महा बेरकी. त्याने आधीच बायकांना दम भरला, “साहेबांनी युनियनचं विचारलं की हात वर करा. नाहीतर जुन्या राजवटीची माणसं म्हणून पोलिसांत नावं जातील.”

“यूनियन में कौन कौन है?” अधिकाऱ्याने विचारलं. सगळे हात वर. दारावरच्या पहारेकऱ्याचाही, आणि खुद्द मॅनेजरचाही!

“बघा साहेब,” मॅनेजर म्हणाला, “ह्यांना युनियन म्हणजे हिंदुस्थान. पट्ट्याची युनियन म्हणणारी ही एकटीच.”

अधिकारी पोट धरून हसला. अक्का ओरडत राहिली, “हात कामून मोजायलाव साहेब, पट्टा बघा की!” साहेब चहा पिऊन मोटारीत बसले. ते हसणं आठवलं की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

लगेच अक्काला पट्ट्याला अगदी लागून असलेल्या यंत्रावर उभं केलं. सरळ सूड होता तो. मी मॅनेजरशी भांडलो, तर “तुम्ही तुमचा काटा बघा” म्हणाला. अक्का उलट मलाच समजवायची, “चिडू नका अण्णा. आता रोज जवळून बघायलाव त्येला.”

हंगाम संपायच्या आत पट्ट्याने तिचा पदर ओढला. पदरामागून ती गेली. यंत्र थांबेपर्यंत काही उरलं नव्हतं. चौकशीत निष्काळजीपणा ठरला. कुणाचा? तिचा! हे ठरवणारा अधिकारी तोच, चहा पिऊन गेलेला.

तिचे दिवस घालायच्या आत जाळी आली. मॅनेजरने नारळ फोडला, मालकांच्या दयाळूपणावर चार शब्द बोलला आणि पेढे वाटले. एकाही बाईने हात पुढे केला नाही. जाळी घाईत ठोकलेली होती. आतल्या दांड्याला अक्काच्या हिरव्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली तशीच राहिली होती. कारखाना सुरू झाला की ती गरगर फिरायची. काढावीशी सगळ्यांनाच वाटायची, पण आता जाळी होती, कुणाचा हात तिथवर पोचत नव्हता.