पोरीची शाळा, याडीचं रडणं

पोरीची शाळा कशी होती असं कुणी विचारलं की मी आजवर ‘चांगली होती’ एवढंच सांगत आलो. ते खोटंही नाही. मी ती कशासाठी निवडली, ते मात्र कधी कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही. तिला ते माझ्याआधी कळलं होतं.

आम्ही फुलसावंगीकडच्या तांड्यातले. घरात गोरबोली, म्हणजे आम्हा बंजाऱ्यांची बोली, बाजारात न् शाळेत मराठी. वर्गात चुकून घरचा शब्द तोंडातून गेला की पोरं दिवसभर त्याच शब्दानं हाका मारायची. त्या वयात जे तोंड मिटलं ते मिटलंच. नोकरीनं इंग्लंडला नेलं तेव्हा आधी मी एकटाच गेलो. बायको न् पोरगी याडीपाशी, म्हणजे माझ्या आईपाशी राहिल्या. दोघी माझ्याकडे आल्या तेव्हा पोरगी शाळेच्या वयाची झालेली. बोलायची ती फक्त गोरबोली, आणि बोलायची म्हणजे थांबायचीच नाही.

घराजवळ एक शाळा होती. तिथल्या बाईंनी पोरीला शेजारी बसवून घेतलं आणि मला विचारलं, घरी काय बोलता?

“मराठी,” मी म्हणालो.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, घरी तुमचीच भाषा बोलत राहा, इंग्रजीचं आम्ही बघतो. एखाद्या दिवशी आजीला फोनवरून वर्गाला गोष्ट सांगू दे.

दुसरा कुणी असता तर त्याच दिवशी नाव घालून मोकळा झाला असता. माझ्या मनात आलं, आपली बोली चालते त्या अर्थी ही मागं पडलेल्या पोरांची शाळा. त्यांच्या मायेत मला हिणवणंच दिसलं.

रस्त्यात बायको म्हणाली, “खोटं काहून सांगतलं?”

“मराठी का खोटी हाये?”

“तिले कुठं येते मराठी? उद्या बाईनं मराठी पुस्तक समोर ठेवलं तं मंग?”

“म्हणूनच ते शाळा नको.”

“पोरगी हासली तिथं. दिसलं नाही का तुमाले?”

दिसलं होतं.

मी दूरची शाळा घेतली. टायवाली, नाव असलेली. तिथं घरचं कुणी काही विचारलं नाही, याचंच मला बरं वाटलं. वर मी घरात हुकूम काढला, पोरीशी फक्त इंग्रजी. शाळेनं तसं सांगितल्याचं बायकोला सांगितलं. शाळेनं सांगितलं नव्हतं. बायकोचं इंग्रजी दुकानापुरतं, त्यामुळे मायलेकींचं बोलणंही दुकानापुरतंच उरलं. फोनच्या पडद्यावर याडी बोलत राहायची, पोरगी नुसता हात हलवायची. मी म्हणायचो, “नेटवर्क नाही, याडी,” आणि फोन ठेवायचो.

यंदा तिघं गावी गेलो. पोरगी आता माझ्या खांद्याच्या वर गेलेली. आमच्यात बायका फार दिवसांनी भेटल्या की गळ्यात पडून सुरात रडतात. कोण गेलं, कोणाचं लग्न झालं, तुझ्याविना दिवस कसे काढले, सगळं त्या रडण्यात येतं. समोरचीनं तसंच रडून जाब द्यायचा असतो. याडी अंगणातच नातीच्या गळ्यात पडली आणि तिनं सूर धरला. तुझी वेणी तिकडे कोण घालतं गं, विचारत होती. तुझा आजा गेला तेव्हा तुझं नाव घेत होता, सांगत होती.

पोरगी हात खाली सोडून ताठ उभी. घाबरून मला इंग्रजीत म्हणाली, “कोण मेलं?”

याडी मधेच थांबली. कुंपणापाशी जमलेल्या बायकांतली एक म्हणाली, “साहेबीन हाये ते, रडणं नाही शिकवत त्यायच्या शाळेत!” सगळ्या हसल्या. याडीही हसली. मग ती बायकोच्या गळ्यात पडली आणि बायकोनं असा काही जाब दिला की एवढी वर्षं हे तिनं कुठं ठेवलं होतं, मला कळेना. आम्ही बापलेक बाजूला उभे. पोरगी विचारत होती, काय म्हणताहेत त्या? मी म्हणालो, काही नाही, नुसतं रडणं आहे ते.

त्यानंतर याडी तिच्याशी मराठीत बोलू लागली. तांड्यावर येणाऱ्या नर्सबाईशी बोलते तशी, जपून. “बसा बाई. चहा घेता?” पोरीला तेही कळेना. ती गोड हसायची.

परवा निघताना याडीनं मला गोठ्याकडे नेलं. रागावलेली नव्हती. आमच्या बोलीत हळूच म्हणाली, “मी मेली तं हिले आणजो नको. बायका रडतीन न् हे मधात उभी राहीन. लेकराची फजिती कायले?”

मी म्हणालो, “नाही आणत.”