बोंडअळीचा सॅक्सोफोन

कापसावर बोंडअळी पडायची त्या वर्षांत, नेरहून यवतमाळला जाताना एसटीत एक म्हातारे वादक माझ्या शेजारी बसले. जन्म लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवण्यात गेलेला. आता स्वतःच्या चालींची पहिली कॅसेट काढली होती, जॅझ आणि रॉक एकत्र. मांडीवरचा टेपरेकॉर्डर ते सारखा खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसत होते.

"आयकता का?" म्हणत त्यांनी बटण दाबलं. "हे जिनिंगसमोरची कापसाच्या बैलबंड्यांची रांग." एकच सूर कितीतरी वेळ जागचा हललाच नाही. मग एकदम ड्रम धडधडले, सॅक्सोफोन किंचाळला. "अन् हे बोंडअळी!"

ड्रायव्हरने घाबरून गाडी बाजूला घेतली आणि इंजिनाचं झाकण उघडलं. इंजिन ठणठणीत होतं. आवाज कुठला ते कळल्यावर सगळी बस हसली. मला वाटलं, आता हे टेप बंद करतील. त्यांनी आवाज वाढवला.

"काकाजी, याच्यावर नाचाचं कसं?" ड्रायव्हरने विचारलं.

"नाचाचं नाही रे बाप्पा. जिंदगीभर लोकं माह्या वाजवण्यावर नाचले. बसून कोणी आयकलंच नाही."

ड्रायव्हर स्टिअरिंगवर हात ठेवून बसला, आणि कॅसेटची ती बाजू संपल्यावरच त्याने गाडी सुरू केली.