काट्यावरचे नव्वद किलो

आधीच सांगतो, मी भुताखेतांच्या वाटेला जाणारा माणूस नाही. वीस वर्षं लोखंड कापतोय. काट्यावर येतं ते खरं, बाकी सगळ्या गप्पा... असं मी गेल्या डिसेंबरपर्यंत छाती ठोकून म्हणायचो. आता म्हणत नाही.

भिवंडीत खारबाव रोडला आमची ट्रेलर बनवायची शेड होती. आमची म्हणजे माझी आणि चुलतभाऊ भालचंद्रची. भाल्यादादा. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा, घर शेडच्या मागेच. डिझाइन माझं, फिटिंग त्याचं. वेल्डिंग मला त्यानेच शिकवलं, म्हणून त्याचं काम मी कधी तपासत नसे. गाढवपणा माझाच.

एका गिऱ्हाइकाला पिकअपने ओढायचं फिरतं घर हवं होतं — आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी. असला डबा साध्या ट्रेलरसारखा मागच्या हुकला अडकवत नाहीत. कंटेनरच्या ट्रेलरसारखं याचं नाक पिकअपच्या हौद्यात, मागच्या चाकांच्या वर येऊन बसतं. पलंगही त्या नाकातच. सगळा खेळ वजनाचा. डबा दीड टनाचा असेल तर तीनशे किलो तरी नाकावर हवेत. कमी पडले की उतारावर तो शेपूट हलवायला लागतो आणि पुढच्या गाडीलाही दरीत घेऊन जातो. म्हणून टाकी आणि बॅटऱ्या मी ड्रॉइंगमध्ये पुढे दाखवल्या होत्या.

ट्रायल मीच घेणार होतो, इगतपुरीपर्यंत. रविवार होता, बायको मंजू म्हणाली आम्हीपण येतो. ती आणि आमची सहा वर्षांची पोर पिकअपमध्ये माझ्या शेजारी बसल्या. दादा गेटपाशी उभा होता.

"पोरीला कशाला न्हेतोस?"

"तू बनवलायस ना? मग?"

तो घरात निघून गेला.

पडघ्याला वजनकाट्यावर थांबलो. आधी नुसती पिकअप तोलली. मग डबा जोडून, डब्याची चाकं काट्याबाहेर ठेवून परत तोलली. जो फरक येतो तेवढं नाकावरचं वजन. दोन्ही वेळा आम्ही तिघं खाली, डब्याला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. फरक बरोब्बर तीनशे! स्लिपचा फोटो काढून दादाला पाठवला. ब्ल्यू टिक आली, उत्तर नाही.

कसारा घाटात डबा असा शांत, की मी दोनदा आरशात बघितलं, आहे ना मागे. इगतपुरीला जेवायला डब्यात गेलो तर नाकातल्या पलंगावरची गादी मधोमध दबलेली. नवीकोरी, प्लास्टिकही काढलं नव्हतं. मंजूने हात लावला आणि पटकन मागे घेतला. "अहो, गरम आहे." मी म्हटलं उन्हाने असेल. येताना उतारावर कंटेनर खेटून गेले, तरी डबा हलला नाही.

चारला शेडवर पोचलो. दादा बाहेर आला — डिसेंबरात घामाने शर्ट भिजलेला. पोरीकडे बघत विचारलं, "घाटान हालला न्हाय?"

"नाही."

"जरापन न्हाय?"

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी पहार उचलली. डब्यात चढून मागच्या बाकाचा प्लाय उचकटला. टाकी तिथे, बॅटऱ्या तिथे. पार शेपटाला.

"ड्रॉइंग उलटा धरला रं मी," दादा खाली बघत म्हणाला. "ब्रॅकेट वेल्ड झाल्यावर समजला. सांगनार होतो... पन मीच शिकवलेला तुला. धाकट्याला कसा सांगू?"

"कधी कळलं?"

"आठ दिस झाले."

त्या आठ दिवसांत तो दोनदा माझ्या घरी जेवून गेला होता, पोरीला मांडीवर घेऊन.

डोकं फिरलं. तसाच डबा घेऊन एकटा पुन्हा पडघ्याला गेलो. काही हलवलं नाही, टाकीतलं पाणी आम्ही वापरलंच नव्हतं. नाकावर दोनशे दहा. काटेवाला सकाळचाच, त्याच्याशीच भांडलो. तो म्हणाला, "काटा बराबर है भाई, सुबह भी बराबर था." मग मधले नव्वद किलो गेले कुठे?

परत आलो तर वहिनी दारात रडत बसलेली. "भावजी, त्यांना आता काय बोलू नका. सकालपासून मोबाईल हातान धरून खाटंवर पडून होते, हाक मारली तरी ओ न्हाय. आन् एक सांगू... खाटंची पट्टी दबलीच नव्हती. वर मानूस हाय का चादर, कलत नव्हता."

दादाचं वजन नव्वद किलो. कमी करा म्हणून डॉक्टर दर वेळी ओरडतो, अख्ख्या घराला तो आकडा पाठ आहे.

आता शेड वेगळी आहे आणि बोलणं बंद. मंजू म्हणते, त्यांनीच वाचवलं आपल्याला, सोडून द्या. असेल तसं. ते कसं झालं हे मला आजही कळलेलं नाही, तुमच्यापैकी कुणाला कळलं तर सांगा. मला सलतंय ते वेगळंच. मोबाईल त्याच्या हातात होता, माझा फोटो त्याने बघितला होता. नव्वद किलोचा माणूस इगतपुरीपर्यंत माझ्या पोरीसाठी आला... आणि 'परत फिर' हे दोन शब्द त्याला पाठवता आले नाहीत.