उंटकटारा आणि स्वच्छ काचा

परवा आमच्या पूनम सागर सोसायटीच्या पार्किंगमध्ये ओल्या पेपरने गाडीची काच पुसत होतो. शाईच्या वासाने बाबांची पहिली सेकंडहँड गाडी आठवली. आम्ही तिघं नाशिकला निघालो होतो. बाबांनी पहाटे अशाच काचा चकाचक केल्या होत्या आणि वाटेत कुठे थांबायचं नाही, असं बजावलं होतं.

कसारा घाट चढल्यावर आई म्हणाली, "अहो, थांबवा, मळमळतंय."

काचांच्या काळजीने बाबांनी तिथेच ब्रेक मारला. आई उतरली ती थेट कडेच्या उंटकटाऱ्याकडे. काटेरी झुडपांवर जांभळट निळे चेंडू! आम्ही रत्नागिरीची माणसं, असलं कधी पाहिलंच नव्हतं.

"फुलं बघायची म्हटलं असतं, तर थांबला असतात?" आईने विचारलं. मी खो खो हसलो.

थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, "मळमळतंय."

या वेळी बाबा लगेच थांबले नाहीत. बरंच पुढे, उंटकटारा दाट होता तिथे, आईची खिडकी फुलांसमोर येईल अशी त्यांनी गाडी लावली.

त्या दिवशी बाबा फसले, असंच मी इतकी वर्षं सांगत आलो. परवा काच पुसताना त्यांचं पुढचं बोलणं आठवलं.

"उतरतेस, की इथूनच बघतेस? काच स्वच्छ आहे."