रविकांत सरांचा गुडघा

रविकांत सरांचा गुडघा खुद्द सरांपेक्षा जास्त प्रसिद्ध होता. दिवसभर बर्फाच्या कारखान्यात काम करून हा गृहस्थ संध्याकाळी पाचला गळ्यात शिटी अडकवून मुलींना कबड्डी शिकवायला किनाऱ्यावर यायचा, तो लंगडतच. अठ्ठावीस वर्षांपूर्वी ऐन जिल्हा निवडीच्या वेळी उजवा गुडघा दगावला, नाहीतर सर कुठच्या कुठे गेले असते, हे वाडीतल्या पोराटोरांनाही पाठ होतं. हे लंगडणं स्पर्धांच्या मोसमात वाढायचं आणि कारखान्यात बर्फाची अख्खी लादी ओढताना गायब व्हायचं. पण एवढ्या थोर गुडघ्याकडे संशयाने बघायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

सरांच्या मैदानाची एक बाजू समुद्राने आखलेली. चुन्याची रेघ भरती पुसून टाकते, मग मारायचीच कशाला, असा सरांचा रोकडा विचार. ओली वाळू लागली की बाद! मुली खाली बघायच्याच नाहीत. तळपायाला गार लागलं की पाऊल आपोआप मागे यायचं. "डोळे समोर, पाय शहाणे!" सर ओरडायचे. हा शोध आपल्याच नावावर लागावा असं त्यांना मनापासून वाटे.

या शहाण्या पायांनी ओरोसच्या जिल्हा चाचणीत दगा दिला. सलोनी ही संघातली सगळ्यात चपळ चढाईपटू. वय सतरा, आई आनंदी बाजारात मासे विकायला बसते. जिल्ह्याच्या मुलींच्या संघासाठी वाडीतून एकट्या सलोनीलाच बोलावणं आलं होतं. चाचणी मॅटवर होती. तिने तीन चढाया केल्या आणि तिन्ही वेळा, कुणी बोटही न लावता, स्वतःच रेषेबाहेर जाऊन उभी राहिली. मॅट सगळीकडे सारखंच. पायांना बिचाऱ्यांना कळणार कसं? यादी वाचली गेली, त्यात सलोनी नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून ती मैदानावर फिरकली नाही. आईशेजारी बसून मासे कापू लागली. एका राखीव खेळाडूची जागा अजून रिकामी होती आणि तिच्यासाठी पंधरा दिवसांनी कसालला पुन्हा चाचणी होती. पण तिचं एकच पालुपद, "माका खेळूचाच नाय."

सर शिव्या घालण्यात पटाईत, समजूत घालण्यात अगदीच कच्चे. समजवायला म्हणून ते चार दिवस बाजारात गेले, सलोनीसमोर उभे राहिले, घसा खाकरला आणि चारही दिवस बांगडे घेऊन परत आले. चौथ्या दिवशी बायकोने पिशवी हातातही घेतली नाही.

पाचव्या दिवशी संघाची कर्णधार प्रियांका कारखान्याच्या दारात हजर. "सर, तुमी काय आता जन्मभर बांगडेच घेत रवतलात? चला माझ्यावांगडा."

तिने सरांना मासळी लिलावाच्या शेडमध्ये नेलं. तिथे सिमेंटच्या जमिनीवर तिच्या वडिलांच्या होडीची ताडपत्री अंथरली होती आणि तिच्यावर होडीच्याच निळ्या रंगाने कबड्डीचं मैदान आखलं होतं. सहा मुली कोपरापर्यंत निळ्या झाल्या होत्या. वडिलांना हे अजून कळायचं होतं.

तशाच निळ्या हातांनी सगळी वरात बाजारात सलोनीपुढे गेली.

"ऊठ गो," प्रियांका म्हणाली.

"मी येवचंय नाय. माझे पायच वायट."

"पाय बरे आसत, डोक्यां बिघडलां. तुका तीन चढायो तरी गावल्यो. आमका थंय कोणी उभां पण करूक नाय, तरी आमी खेळतोच मा?"

सलोनीने सुरी खाली ठेवली आणि मोर्चा सरांकडे वळवला. "तुमचा बरा आसा, सर. तुमचो गुडघो गेलो. तुमका कोणी नको म्हणाक नाय."

सरांनी मुलींना पुढे धाडलं. आनंदी बर्फ आणायला गेली होती. तिच्या पाटावर बसून सरांनी इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "गुडघ्याक काय्येक जावक नाय हुता. माका निवडीत काढून टाकल्यानी."

"काय?"

"बोंबलू नको! एसटीतून उतारलंय तर तिठ्यावर सगळे वाट बघीत हुते. काय सांगतलंय त्यांका? लंगडलंय. तेव्हापासून लंगडतंय. माका परत बोलवूक कोणी इला नाय, आणि मी गेलंय नाय. तुका बोलवूक सात जणी इल्यासत. आणि रेघ तू चुकवूक नाय गो. ती मी तुका कधी दाखवूकच नाय."

सलोनी इतकी हसली की शेजारच्या टोपलीवरचं मांजर पळालं. हसता हसता तिने डोळे पुसले, हात धुतले आणि उठली.

पुढचे दहा दिवस ताडपत्रीवर एकच गलका होता. सलोनीचं पाऊल निळ्या रेघेला लागलं की सगळ्या एका सुरात, "भिजलंस!" पहिल्या दिवशी ती चौदा वेळा भिजली, दहाव्या दिवशी कोरडी घरी गेली.

कसालला सगळ्याजणी टेम्पोत बसून आल्या. सरांना खेळ काही दिसला नाही, कारण बोटांच्या फटीतून ते फक्त दोन पाय बघत होते. पहिली चढाई, पाय आत. दुसरी, आत. तिसऱ्या वेळी दोघींनी तिला कडेला रेटत नेलं, "भिज..." म्हणून प्रियांकाने तोंड उघडलं, आणि टाच रेषेच्या चार बोटं अलीकडे थांबली. सलोनीने खाली बघितलं, गिरकी घेतली आणि दोघींना बाद करून परत आली.

राखीव खेळाडू म्हणून तिचं नाव पुकारलं गेलं. सरांनी सोडलेला श्वास टेम्पोवाल्यालाही ऐकू आला. मग पुढचं बाकडं एका ढांगेत ओलांडून ते मैदानभर हरणासारखे धावत सुटले.

"सर," प्रियांका म्हणाली, "तुमचो गुडघो?"

सर जागच्या जागी थिजले. चेहरा शक्य तितका दुखरा करून त्यांनी लंगडायला सुरुवात केली. सलोनी धावत आली, त्यांना आधार देत कानाशी वाकली आणि कुजबुजली, "सर, उजवो. उजवो!"