बप्पांना सांगायची राहिलेली गोष्ट

मी बप्पांशी खोटं बोललो.
काल ते गेले.

बप्पा म्हणजे आमच्या गावच्या लायब्ररीचे बप्पा. ग्रामपंचायतीमागची एक खोली, चार लोखंडी कपाटं, एक लांब बाकडं.

दोन वर्षांपासून त्यांना अक्षर दिसत नव्हतं. तरी रोज पाचला कुलूप उघडायचे.

तेव्हापासून नियम एकच. पुस्तक परत करायचं तर आधी त्यातली गोष्ट बप्पांना सांगायची. त्याशिवाय शिक्का नाही.

ऐकायला बप्पा एकटे नसायचे. अंगणवाडीच्या ताई यायच्या. दारातल्या लिंबाला शेरडं बांधून किसननाना यायचे. नानांना वाचता येत नाही, पण एक गोष्ट चुकवायचे नाहीत.

मी आठवीत शाळा सोडून ऊसतोडीला गेलेलो. चार माणसांत बोलायचं म्हटलं की हात गार पडतात.

पहिल्यांदा सांगताना मी दोन भावांची नावं उलटी केली. मेलेला भाऊ शेवटी लग्नाला हजर.

नाना म्हणाले, "आरं, ह्याला तर मघाच जाळला की बे."

सगळे हसले. बप्पाही.

"चुकलास तिथून पुन्हा सांग," म्हणाले.

या वेळचं पुस्तक त्यांनी स्वतः काढून दिलं होतं.

"माझं हे अर्ध्यावर राहिलंय. डोळेच गेले. तू वाचून सांग."

मला टेन्शन आलं. यात एकही चूक नको. वाचून झाल्यावर वहीत सगळी नावं उतरवली, कोण कोणाचं कोण ते लिहिलं. भिंतीकडे तोंड करून सांगून पाहिलं. रोज कुठेतरी अडायचो.

गेल्या आठवड्यात बप्पा गिरणीपाशी भेटले. मी गिरणीवाल्याशी बोलत होतो, आवाजावरून त्यांनी मला ओळखलं.

"झालं का रे पुस्तक?"

"न्हाई बप्पा, थोडं राहिलंय."

"वाच निवांत. पण लई ताणू नको. ती पोरगी माहेरी येती का न्हाई, मला घोर लागलाय."

पुस्तक संपून तेव्हा आठ दिवस झाले होते.

काल माती देऊन आल्यावर पुस्तक घेऊन लायब्ररीवर गेलो. कुलूप होतं. पायरीवर नाना बसले होते.

"आणलंस व्हय?"

"हो."

"मग सांग की."

वही घरीच राहिली होती. तसंच सांगितलं. दोनदा नावं चुकली.

नाना हसले नाहीत.

बप्पा, ती पोरगी आली. बाप तिला घ्यायला वेशीपर्यंत गेला होता.

चुकत चुकत का होईना, तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं.

आता घोर करू नका. निवांत जा, बप्पा.